आपला दिवा, शेजाऱ्याची रात्र

वऱ्हाडातील व्यापारी घराची जुनी रचना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. खाली दुकान, मागे वखार आणि वर माडीवर कुटुंब. अमरावतीच्या परकोटाच्या आत, जवाहर गेटपासून सराफ्यापर्यंत, तसेच अकोल्याच्या जुन्या बाजारपेठेत अशी घरे आजही उभी आहेत. या रचनेत एक मर्यादा कोणी न सांगता पाळली जात असे. दुकानदाराला त्याच दुकानाच्या वर झोपायचे असे. त्यामुळे दुकान वाढवले की दिवेही शांत होत. दिव्याचा त्रास झालाच तर तो प्रथम दिवा लावणाऱ्यालाच होई.

आता दुकान एकीकडे आणि घर दुसरीकडे, अशी बहुतेकांची व्यवस्था आहे. पेठेतील व्यापारी रात्री शटर ओढून शहराबाहेरच्या वसाहतीत राहायला जातो. त्याच्या दुकानाचा फलक मात्र पहाटेपर्यंत तेवत राहतो आणि त्याचा झोत समोरच्या माडीवरील कुटुंबाच्या खोलीत पडतो. ते कुटुंब कोणत्या वेळी झोपते, त्यांच्या घरी कोणी आजारी आहे का, परीक्षेला बसलेले मूल आहे का, हे फलकाच्या मालकाला ठाऊकही नसते. इकडे त्याच्या नव्या वसाहतीत शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवरील दिवा त्याच्याच शयनगृहात शिरतो, किंवा जवळच्या लॉनवरील लग्नाचे रंगीत झोत मध्यरात्रीपर्यंत त्याच्या छतावर फिरत राहतात. म्हणजे या प्रश्नात आपण एका ठिकाणी त्रास देणारे आणि दुसऱ्या ठिकाणी त्रास भोगणारे असतो. म्हणूनच या विषयाकडे दोन्ही बाजूंनी पाहणे आपल्याला अवघड जाऊ नये.

वऱ्हाडातील खिडकी

"पडदा लावून घ्या," असे उत्तर अशा वेळी सहज दिले जाते. परंतु अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात ते उत्तर टिकत नाही. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या या प्रदेशात बहुसंख्य घरे कूलरवर चालतात. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, आणि ती हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. ती बंद केली तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. गच्चीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना तर पडद्याचा आधारही नसतो. वातानुकूलित खोलीत झोपणाऱ्याने लावलेला दिवा कूलरच्या खोलीत झोपणाऱ्याला अधिक छळतो, ही या प्रश्नाची सामाजिक बाजू आहे. ती नजरेआड करता येत नाही.

त्रास केवळ मनाचा नसतो. अंधार पडल्यावर आपल्या शरीरात मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढू लागते आणि शरीराला विश्रांतीची सूचना मिळते. डोळ्यांवर पडणारा प्रकाश, विशेषतः निळसर पांढरा प्रकाश, ही क्रिया मंद करतो. शरीरातील या दिवस-रात्रीच्या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडून दाखविणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच रस्त्यांवरील एलईडी दिव्यांचे रंगतापमान ३,००० केल्विनपेक्षा अधिक नसावे, अशी शिफारस केली होती. आपल्याकडील दुकानांवर सर्रास दिसणारे शुभ्र दिवे ६,००० ते ६,५०० केल्विनचे असतात.

नियम नाहीत, हा समज

प्रकाशाविषयी आपल्याकडे काही नियमच नाहीत, असे पुष्कळांना वाटते. हे अर्धसत्य आहे. आवाजाची मर्यादा आकड्यांत ठरलेली आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी विभागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी विभागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. १९८७ च्या दुरुस्तीने हवा प्रदूषणाच्या कायद्यात आवाजालाही प्रदूषक मानले गेले. प्रकाशाला मात्र असे स्थान अद्याप मिळालेले नाही. आपल्या खिडकीवर किती प्रकाश पडू द्यायचा, याचा आकडा कोणत्याही केंद्रीय कायद्यात नाही.

तरीही फलकांच्या बाबतीत स्पष्ट नियम आहेत आणि ते आपल्या शहरांना लागू आहेत. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. अमरावती आणि अकोला या दोन्ही महानगरपालिका तिच्या कक्षेत येतात. जाहिरात फलकांसाठी ही नियमावली राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या दहाव्या भागाचा आधार घेते. त्या भागातील तीन तरतुदी प्रत्येक दुकानदाराने जाणून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली, लगतच्या वा जवळच्या निवासी इमारतींतील रहिवाशांना त्रास होईल इतक्या प्रखर प्रकाशाचा फलक कोणीही उभारू नये. उभारण्यास आधी परवानगी मिळालेली असली, तरी नंतर तो त्रासदायक आढळल्यास प्राधिकरण त्यात बदल करण्याचा किंवा तो काढून टाकण्याचा आदेश देऊ शकते. म्हणजे परवाना हातात असणे हे या तक्रारीवरचे उत्तर होत नाही. दुसरी, सार्वजनिक सोय, आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी आवश्यक मानलेले फलक वगळता कोणताही विद्युत फलक मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालू ठेवू नये. तिसरी, वाहतुकीच्या प्रकाशित चिन्हांच्या जवळ लाल, पिवळ्या वा हिरव्या रंगाचे प्रकाशित फलक लावू नयेत. राजकमल चौकातून रात्री बारानंतर जाताना यांतील किती तरतुदी पाळल्या जात आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे.

याशिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ व २४५ अन्वये आकाशचिन्हे आणि जाहिराती यांसाठी आयुक्तांची परवानगी लागते. दुकानाचे नाव दाखविणारी साधी पाटी आणि प्रकाशित जाहिरात यांत फरक असल्यामुळे, नवा फलक लावण्यापूर्वी महानगरपालिकेत चौकशी करणे हिताचे ठरते.

चाळीस वॅटची गोष्ट

जुन्या नियमांत एक गंमतीची आणि तितकीच बोधप्रद तरतूद आढळते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने निवासी विभागात लुकलुकणारे आणि निऑनचे फलक वर्ज्य ठरवले होते आणि उरलेल्या फलकांच्या प्रकाशावर ४० वॅटची मर्यादा घातली होती. व्यापारी विभागातील फलक भिंतीला समांतर असावेत आणि त्यांचे तोंड निवासी इमारतींकडे नसावे, असेही तीत म्हटले होते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तारेचा पिवळा बल्ब होता. तसा ४० वॅटचा बल्ब सुमारे ४०० ल्यूमेन प्रकाश देतो. आजचा ४० वॅटचा एलईडी दिवा सुमारे ४,००० ल्यूमेन देतो. वॅट तेवढेच राहिले, प्रकाश दहापट झाला. अक्षरशः नियम पाळूनही त्याचा हेतू असा मोडता येतो.

निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्या शोधाने वीज वाचली, यात शंका नाही. पण स्वस्त झालेली वस्तू माणूस अधिक वापरतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको. जिथे एक नळी होती तिथे चार फ्लडलाइट आले. २०११ ते २०२२ या काळात जगभरातील नागरिकांनी केलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये असा निष्कर्ष काढला की, रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी अधिक उजळत चालले आहे. २०१६ च्या जागतिक नकाशानुसार मानवजातीच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसतच नाही.

विदर्भाने दाखविलेला मार्ग

या बाबतीत देशापुढचे एक चांगले उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे अंधाऱ्या आकाशाचे उद्यान, असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा बफर क्षेत्रातील गावांतले शंभराहून अधिक रस्त्यांवरचे आणि सार्वजनिक दिवे बदलण्यात आले. गावे अंधारात लोटली गेली नाहीत. दिवे राहिले, केवळ त्यांचे तोंड जमिनीकडे वळवले गेले. रस्ता दिसतो, माणूस दिसतो आणि वरचे आकाशही दिसते. जे गावाला जमले ते पेठेला जमू नये, असे काही कारण नाही.

शहरांतही प्रश्न पुढे येऊ लागला आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील एका जिमखान्याच्या प्रखर दिव्यांविरुद्ध एका रहिवाशाने केलेल्या तक्रारीची जिल्हाधिकारी कार्यालयाने २०१८ मध्ये दखल घेतली. झाडांवर गुंडाळल्या जाणाऱ्या विद्युत माळांविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने नोटीस काढल्यानंतर मुंबई महानगरपालिकेने झाडांवरील दिवे उतरविण्याचे आदेश दिले. पुण्यात त्याच वर्षी गणेशोत्सवातील लेझर झोतांवर पोलिसांनी बंदी घातली.

परदेशांत हे पाऊल पुष्कळ आधी पडले. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या गावाने १९५८ मध्येच जाहिरातीसाठी आकाशात फिरविल्या जाणाऱ्या झोतांवर बंधन घातले. ब्रिटनच्या २००५ च्या कायद्याने त्रासदायक कृत्रिम प्रकाशाला आवाजाप्रमाणेच कायदेशीर उपद्रव ठरवले. फ्रान्समध्ये दुकानांच्या दर्शनी काचांमागील दिवे रात्री एकपर्यंत बंद करावे लागतात. तेथील व्यापार त्यामुळे बुडाला, असे कोणी म्हणत नाही.

हेतूवाचून होणारी हिंसा

मृगाच्या पावसानंतर दुकानाच्या फलकाखाली सकाळी झाडू मारणाऱ्याला विचारावे. पंखांचा आणि मेलेल्या पाखरांचा थरच तेथे असतो. पतंग दिव्यावर भाळतो, असे कवी म्हणत आले. २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने निराळेच दाखवले. उडणारे कीटक आकाशाच्या उजेडाकडे पाठ ठेवून आपला तोल सांभाळतात. जवळचा कृत्रिम दिवा त्यांना आकाश वाटतो, ते त्याच्याकडे पाठ करीत राहतात आणि त्यामुळे त्याच्याभोवती घिरट्या घालीत अडकून पडतात. म्हणजे ते दिव्याकडे ओढले जात नाहीत. त्यांना वर आणि खाली यांतला भेद कळेनासा होतो, आणि थकून ते पडतात किंवा पालीच्या तोंडी जातात.

आपल्या पूर्वजांना हे संशोधन ठाऊक नव्हते, पण त्याचे परिणाम ते रोज पाहत होते. उघड्या ज्योतीवर काचेची हंडी घालण्याची रीत त्यातूनच आली. चातुर्मासात दिव्याबाबत विशेष जपणूक होई ती याच कारणाने. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण हे व्रत आहे. संसारासाठी जी हिंसा टळत नाही तिची गोष्ट वेगळी, पण कोणतेच प्रयोजन नसताना, केवळ बेसावधपणे घडणारी हिंसा तरी टाळावी, हा त्याचा आशय. बंद दुकानावर पहाटेपर्यंत जळणाऱ्या फलकाचे प्रयोजन काय, हा प्रश्न या व्रताच्या कसोटीवर लावून पाहावा. गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर वाचणारा नाही, वर चतुरिंद्रिय जीवांचा संहार आणि समोर एका कुटुंबाची मोडलेली झोप.

याचा अर्थ उत्सव अंधारात करावेत असा नाही. दिवाळीच्या चार दिवसांच्या रोषणाईला शेजारी हरकत घेत नाही, उलट तो तिचा आनंदच घेतो. मंदिराच्या शिखरावरील रोषणाईसुद्धा शेवटचा दर्शनार्थी गेल्यानंतर शांत केली तर उत्सवाचे काही उणे होत नाही.

व्यापाऱ्याच्या दोन शंका

पहिली शंका चोरीची. सराफा बाजारातील व्यापारी म्हणेल की, दिवा बंद केला तर दुकान सुरक्षित कसे राहील? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तरही आहे. सुरक्षिततेसाठी शटर, कुलूप आणि पायऱ्या दिसाव्या लागतात. त्यासाठी छपराखाली बसविलेला, खाली तोंड असलेला लहान दिवा पुरतो. समोर रोखलेला प्रखर दिवा पाहणाऱ्याचे डोळे दिपवतो, आणि त्याच्या आजूबाजूच्या गडद सावलीत उभा असलेला माणूस गस्तीच्या शिपायालाही दिसत नाही. कॅमेऱ्यातही अशा झोतामुळे चेहरा धुरकट येतो. हालचाल होताच लागणारा दिवा तर अधिक उपयोगी, कारण तो लागला की शेजाऱ्याचेही लक्ष जाते.

दुसरी शंका जाहिरातीची. फलक रात्रभर दिसला तर नाव लोकांच्या मनात राहते, असा हिशेब असतो. मग तो हिशेब पुरता करावा. शंभर वॅटचा एक दिवा रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत पाऊण युनिटच्या जवळपास वीज घेतो, वर्षाला सुमारे २५५ युनिट. असे चार दिवे असले तर वर्षाला हजाराहून अधिक युनिट, आणि तेही व्यापारी दराने. या खर्चात रात्री दोन वाजता किती गिऱ्हाईक मिळाले? समोरच्या माडीवरील कुटुंब मात्र ते नाव रोज वाचते, पण कोणत्या भावनेने, ते सांगायला नको. पेठेत पत ही पिढ्यांनी कमावलेली वस्तू असते आणि ती शेजारापासून सुरू होते.

करता येण्याजोग्या चार गोष्टी

एक, दिशा. दिव्याला वरून झाकण असावे आणि प्रकाश आपल्या हद्दीतच खाली पडावा. फलक खालून वर उजळण्यापेक्षा वरून खाली उजळावा. दोन, प्रमाण. दुकानदाराने रात्री समोरच्या फुटपाथवर उभे राहून पाहावे. फलकावरची अक्षरे वाचता येतात पण डोळे दिपत नाहीत, एवढा प्रकाश योग्य. तीन, रंग. शुभ्र निळसर दिव्याऐवजी २,७०० ते ३,००० केल्विनचा उबदार पिवळसर दिवा घ्यावा. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. चार, वेळ. साधा टायमर बसवला की विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. दुकान वाढवल्यानंतर तासाभरात फलक आपोआप बंद व्हावा. नव्या इमारतीत घर घेणाऱ्यांनी हे नियम सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरावाद्वारे मंजूर करून घ्यावेत. नंतरच्या भांडणापेक्षा आधीचा ठराव स्वस्त पडतो.

त्रास होत असेल तर

प्रथम समक्ष बोलावे, आणि तेही दिवसा, रागाच्या भरात रात्री नव्हे. "भाऊ, एकदा रात्री अकराला आमच्याकडे चहाला या आणि आमच्या खोलीत पाच मिनिटे बसा," एवढे म्हणणे पुष्कळदा पुरते. दिवा लावणाऱ्याने तो शेजाऱ्याच्या खिडकीतून कधी पाहिलेलाच नसतो. दिव्याची दिशा बदलण्याचा खर्च निम्मा वाटून घेण्याची तयारी दाखवली, तर बोलणे आणखी सोपे जाते.

त्याने काम झाले नाही तर तारीख, वेळ आणि छायाचित्रे यांची नोंद ठेवावी आणि महानगरपालिका आयुक्तांकडे लेखी अर्ज करावा. अर्जात एकत्रिकृत नियमावली आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या दहाव्या भागाचा उल्लेख अवश्य करावा. पोच घ्यायला विसरू नये. त्रास अनेक घरांना होत असेल तर तो सार्वजनिक उपद्रव ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये त्याची व्याख्या आहे आणि कलम २९२ अन्वये एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडापेक्षा परिणामकारक आहे ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते. त्यानुसार उपविभागीय दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. त्रास एकाच घरापुरता असेल तर दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागण्याचा मार्ग मोकळा असतो. तेथे वकिलाचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावे.

तथापि, हे सर्व मार्ग दूरचे आहेत. ज्या शेजाऱ्याशी आयुष्य काढायचे, त्याच्याशी न्यायालयात भेट होणे हे दोघांचेही नुकसान आहे. येत्या चातुर्मासापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने एका रात्री, दुकान वाढवल्यानंतर तासाभराने, आपल्या दुकानासमोर आणि आपल्या घराबाहेर उभे राहून पाहावे. आपला कोणता दिवा कोणाच्या खिडकीत जातो, हे तेवढ्यानेच कळेल. व्यापारी मंडळाने एका गल्लीतील सर्व फलकांची वेळ ठरवून दिली, तर एकट्याने दिवा बंद करून मागे पडण्याची भीतीही कोणाला उरणार नाही. अशी पहिली गल्ली अमरावतीत होते की अकोल्यात, हे आपल्याच हाती आहे.